ओढ्यांतील माशांची मोजदाद

मुंबईकरांस मासा नवा नाहीं. भाऊच्या धक्क्यावर पहाटे लागणारे मचवे, ससून डॉकवरील कोळंबीचे ढीग आणि दादरच्या मंडईंतील कोळिणींच्या पाट्या तुम्ही लहानपणापासून पाहत आलां आहांत. परंतु हा सर्व समुद्राचा माल झाला. डोंगरांतील एखाद्या ओढ्यांत, जेथें पाणी घोट्यापर्यंतच येतें, तेथेंही मासे राहतात. त्यांस कोणी विकत नाहीं, त्यांचा भाव कोणी पुकारीत नाहीं, आणि म्हणून ते किती आहेत हेंही बहुधा कोणास ठाऊक नसतें. ते किती आहेत हें कसें ओळखावें, आणि तें ओळखण्याची आवश्यकता तरी काय, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण घडलें. आमच्या हातून एक चूक झाली, व ती सुधारण्याचें काम आमच्या एका विद्यार्थ्यानें हातीं घेतलें. ती हकीकत शेवटीं सांगूं. कारण आधींचा पाठ समजल्यावांचून तिचें मर्म ध्यानांत यावयाचें नाहीं.

इंग्रजी पुस्तकांत ओढ्यांतील माशांचें वर्णन आलें कीं तेथें ‘ट्राउट’ हा मासा हटकून येतो. थंड देशांतील स्वच्छ व वेगानें वाहणाऱ्या झऱ्यांत तो राहतो. त्यास प्राणवायूनें भरलेलें गार पाणी लागतें. पाण्याचें उष्णमान २० अंश सेंटिग्रेडच्या फार वर गेलें कीं तो कासावीस होतो. इंग्रजांनीं ट्राउट हिंदुस्थानांत आणविला, तेव्हां तो काश्मीर, निलगिरी अशा उंच व थंड प्रदेशांतच टिकला. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत, जेथें चैत्र-वैशाखांत डबक्यांतील पाणी हातास कोमट लागतें, तेथें त्याचा निभाव लागणें शक्य नव्हतें. परंतु परदेशांतील लहानशा ओढ्यांतून या माशाची जी वर्षानुवर्षें मोजदाद होत आली, तिच्यापासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. अमुक वर्षीं किती पिलें जन्मलीं, त्यांतील किती जगलीं, पूर आला त्या वर्षीं काय झालें, हें सर्व तेथें टिपून ठेवितात. आपल्या ओढ्यांच्या वांट्यास इतकें लक्ष क्वचितच आलें आहे.

म्हणून आपले ओढे ओस आहेत असें मात्र नाहीं. मुंबई सैन्यांतील कर्नल विल्यम सायक्स या अधिकाऱ्यानें दख्खनच्या नद्यांतील मासे गोळा करून त्यांचीं वर्णनें लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें मांडलीं, व तीं १८३९ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यानें केलेली एक गोष्ट मोठी मौजेची आहे. नव्या माशांस नांवें देतांना त्यानें येथील लोकांच्या तोंडचींच नांवें पुष्कळ ठिकाणीं घेतलीं. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदींत मिळालेल्या महाशीर जातीच्या माशास आपण खडशी म्हणतों. त्याच्या शास्त्रीय नांवांत ‘खुद्री’ हा शब्द आजतागायत आहे. शिंगाळा या माशाचें शास्त्रीय नांवही ‘सींघाला’ असेंच आहे. ज्या मासेमाऱ्यांनीं तीं नांवें सायक्सला सांगितलीं त्यांचें स्वतःचें नांव कोणी लिहून ठेविलें नाहीं. परंतु त्यांचा शब्द जगांतील सर्व प्राणिशास्त्रज्ञांस उच्चारावा लागतो.

माशाचें नांव कळणें ही पहिली पायरी होय. त्याची संख्या कळणें ही दुसरी. या दुसऱ्या पायरीवर अडचण येते. मनुष्यांची गणती करावयाची तर दारोदार जातां येतें. माशास दार नाहीं. तो दगडाखालीं शिरतो, गढूळ पाण्यांत दिसत नाहीं, आणि एकदां मोजलेला मासा पुन्हां समोर आला तर तो तोच कीं दुसरा हेंही सांगतां येत नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानांत तिबिर्याच्या सरोवरांतून ओढून काढलेल्या मोठ्या माशांची संख्या १५३ अशी नेमकी दिली आहे. परंतु ते जाळ्यांत आलेले मासे होत. जे सरोवरांत राहिले, त्यांची संख्या कशी सांगावी?

याची एक युक्ति डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पीटर्सन यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. माशांस खुणा लावून सोडण्याचें त्यांचें काम १८९६ सालीं प्रसिद्ध झालें. ही युक्ति समजण्यास नदीवर जावें लागत नाहीं. मडकें व चिंचोके पुरेसे आहेत.

आम्हीं नववीच्या वर्गांत एक मडकें आणलें व त्यांत चिंचोके भरले. ते किती होते हें आमच्यावांचून कोणास ठाऊक नव्हतें. मडकें हा डोह, व चिंचोके हे मासे. एका मुलानें न पाहतां ४० चिंचोके बाहेर काढले. त्यांवर पांढऱ्या तेलरंगाचा ठिपका दिला, व ते वाळल्यावर परत टाकून मडकें चांगलें हालविलें. नंतर वर्गाचे पांच गट केले. प्रत्येक गटानें ३० चिंचोके काढावे, त्यांत ठिपक्याचे किती तें लिहावें, आणि सर्व चिंचोके परत टाकावे, असें ठरलें.

हिशेब केवळ त्रैराशिकाचा आहे. समजा, ३० चिंचोक्यांत ठिपक्याचे ५ निघाले. म्हणजे सहांमागें एक ठिपक्याचा. ठिपक्याचे एकंदर ४० आहेत हें आपणांस ठाऊक आहे. तेव्हां मडक्यांतील सर्व चिंचोके ४० च्या सहापट, म्हणजे २४० असले पाहिजेत. पहिल्या गटाचें उत्तर हेंच आलें. दुसऱ्या गटास ठिपक्याचे ४ मिळाले, त्याचें उत्तर ३०० आलें. तिसऱ्यास ८ मिळाले, त्याचें १५०. चौथ्यास अवघे ३ मिळाले, त्याचें ४००. पांचव्यास ६ मिळाले, त्याचें २००.

चौथ्या गटाचा प्रमुख फळ्यावरील आंकडे पाहून खजील झाला. तो म्हणाला, “सर, आमचें कांहीं तरी चुकलें. आमचा आंकडा गाळून टाका.” दुसरा एक जण हळूच म्हणाला, “तीनाचे पांच केले तर कोणास कळणार आहे?”

आम्हीं आंकडा गाळला नाहीं व बदलूंही दिला नाहीं. पांचही गटांचे मिळून १५० चिंचोके निघाले होते, व त्यांत ठिपक्याचे २६ होते. ४० ला १५० नीं गुणून २६ नीं भागिलें. उत्तर सुमारें २३१ आलें. मग मडकें उपडें करून सर्व चिंचोके मोजले. ते २३६ निघाले! आतां चौथ्या गटाचें म्हणणें ऐकून त्यांचा आंकडा गाळला असता तर काय झालें असतें? १२० चिंचोके, त्यांत ठिपक्याचे २३. उत्तर सुमारें २०९. म्हणजे जो आंकडा चुकीचा म्हणून टाकावयाचा होता, तोच एकंदर उत्तरास सत्याच्या जवळ आणीत होता. एकट्याचा आंकडा विचित्र दिसला म्हणून तो खोटा ठरत नाहीं. पाहिलें तें लिहावें, व बेरीज सर्वांची करावी, हा शास्त्राचा पहिला नियम मुलांस त्या दिवशीं मडक्यानें शिकविला.

मडक्यांत जें सोपें तें ओढ्यांत तितकें सोपें नसतें. मडक्यांतून चिंचोका पळून जात नाहीं. ओढ्यांतील मासा वर-खालीं जातो. म्हणून मोजावयाच्या भागाच्या दोन्ही टोकांस जाळें लावावें लागतें. खूण अशी पाहिजे कीं ती पुसली जाणार नाहीं, व तिच्यामुळें मासा आजारीही पडणार नाहीं. खूण केलेल्या माशांस इतरांत मिसळण्यास अवधि द्यावा लागतो. परंतु तो इतकाही नसावा कीं दरम्यान नवीं पिलें जन्मावीं व जुने मासे मरावे. या अटींपैकीं एक जरी मोडली तरी त्रैराशिक बरोबर राहून उत्तर चुकतें.

जेथें मासे फार लहान आहेत व खूण करणें कठीण आहे, तेथें दुसरी रीत वापरतात. दोन्ही टोकें बंद करून, सारख्याच श्रमानें तोच डोह पुन्हां पुन्हां धुंडाळावयाचा, व मिळालेले मासे परत न सोडतां वेगळ्या पाण्यांत ठेवावयाचे. पहिल्या खेपेस ८० व दुसऱ्या खेपेस ४० मिळाले, तर प्रत्येक खेपेस उरलेल्यांपैकीं निम्मे हातीं लागत आहेत असें दिसतें. पहिल्या खेपेस निम्मे म्हणजे ८०. तेव्हां मूळचे १६० असावे. नियमच सांगावयाचा तर, पहिल्या खेपेच्या संख्येचा वर्ग करावा, व त्यास दोन खेपांतील अंतरानें भागावें. ८० चा वर्ग ६,४००. त्यास ४० नीं भागिलें असतां १६०. मोजणी संपली कीं मासे जेथल्या तेथें सोडून द्यावयाचे. ही रीत लक्षांत ठेवा. पुढें ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

आतां तुम्ही विचाराल, संख्या मिळाली म्हणजे अभ्यास संपला काय? नाहीं. संख्येस नांवाची जोड नसेल तर ती आपणांस फसविते. याचें मोठें उदाहरण आपल्याच खडशीनें दिलें आहे, व त्याचा धागा लालबाग-परळपर्यंत येऊन पोंचतो. मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळावी म्हणून टाटांनीं लोणावळ्याच्या परिसरांत तलाव बांधले, व १९१५ सालीं खोपोलीहून ती वीज मुंबईस येऊं लागली. तुमच्यांपैकीं कित्येकांच्या पणजोबांनीं ज्या मागांवर काम केलें, ते त्या पाण्यावर चालत. पुढें, १९७० नंतरच्या काळांत, त्याच लोणावळ्यास खडशीची कृत्रिम पैदास होऊं लागली. नद्यांतून हा मासा नाहींसा होत चालला होता. तो वांचावा हा हेतु स्तुत्य होता. तेथील पिलें देशांतील निरनिराळ्या नद्यांत सोडण्यांत आलीं. त्यांत दक्षिणेंतील कावेरीही होती.

कावेरींत मूळचा एक निराळाच महाशीर राहत असे. त्याच्या पाठीवर उंचवटा असतो, परांवर नारिंगी झांक असते, व तो मोठा झाला म्हणजे मनुष्याच्या वजनाशीं स्पर्धा करतो. कावेरीच्या कांठीं गळ टाकून मासा धरणारे व पुन्हां सोडून देणारे शौकीन लोक येत, व धरलेल्या माशांची नोंद ठेवीत. १९९८ पासून २०१२ पर्यंतच्या त्या नोंदींत सहा हजारांहून अधिक मासे होते. संशोधकांनीं त्यांची छाननी करून २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. एकंदर महाशीर पूर्वीपेक्षां अधिक मिळत होते, पण ते बाहेरून आलेल्या निळसर परांचे. कावेरीचा स्वतःचा महाशीर मात्र वर्षागणिक विरळ होत गेला होता. केवळ बेरीज पाहणारास नदी भरभराटींत आहे असें वाटलें असतें. ज्यांनीं नांवनिशीवार नोंद ठेविली, त्यांच्यामुळेंच खरी गोष्ट उघडकीस आली. २०१८ सालीं या मूळच्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, व त्याच वर्षीं तो अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत गेला.

एका नदीचा भूषणभूत मासा दुसऱ्या नदींत उपद्रवी ठरला, आणि तो तेथें नेणारांच्या मनांत वाईट कांहींच नव्हतें. हें वाक्य पुन्हां एकदां वाचा. कारण आमची चूकही याच जातीची आहे.

तुमच्यांपैकीं अनेकांचीं मूळ घरें सावंतवाडीच्या बाजूस आहेत. त्यांस आंबोलीचा घाट ठाऊक असेल. त्या आंबोलीस हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. ती पुढें घटप्रभेस मिळते. उगमाशीं देवालय असून त्याच्यापुढें पाण्याचें कुंड आहे. त्या पाण्यांत तळाशीं दगडांच्या आश्रयानें राहणारा, मिशा असलेला, बोटाहून लहान असा एक सोनेरी झांकेचा मासा आढळला. तो शास्त्रास नवा आहे असें तीन संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलें, व नदीवरून त्यास ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असें नांव दिलें. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें तेथील २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. भाविक लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या कुंडाचें दर्शन घेत आले, त्यांत एक अज्ञात जीव राहत होता! आणि जो जीव इतक्या थोड्या पाण्यांत राहतो, त्याच्या घरांत एखादा परका मासा शिरला तर त्यास जाण्यास दुसरी जागा कोठली?

आम्हीं हा भाग वर्गांत शिकविला त्या दिवशीं तास संपल्यावर एक विद्यार्थी मागें थांबला. मडक्याच्या प्रयोगांत चौथ्या गटाचा प्रमुख होता तोच हा. तो लालबागच्या चाळींत राहतो, व त्याचें गांव सावंतवाडीच्या बाजूस आहे. तो म्हणाला, “सर, मग आपण सोडलेल्या गप्पींचें काय?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्याच्या आदल्या वर्षीं मे महिन्याच्या सुटीआधीं आमच्या शाळेच्या कांचेच्या टाकींत गप्पी मासे फार झाले होते. सुटींत त्यांस खावयास कोण घालणार, म्हणून या मुलानें ते गांवच्या ओढ्यांत सोडण्याची परवानगी मागितली. आम्हीं ती आनंदानें दिली. इतकेंच नव्हे, तर मुक्या जीवांस मोकळें पाणी मिळेल म्हणून त्याची पाठ थोपटली. गप्पी हा दक्षिण अमेरिकेंतील मासा. डांसांच्या अळ्या खातो म्हणून तो विहिरींत व टांक्यांत सोडण्याचा प्रघात आहे, व बंद टांक्यांत तो उपयोगीही पडतो. परंतु ओढ्यांत तो केवळ अळ्या खाऊन राहत नाहीं. इतर माशांचीं अंडीं व नुकतीं जन्मलेलीं पिलेंही खातो. त्याची मादी अंडीं न घालतां जिवंत पिलेंच देते, आणि एकदां फळलेली मादी पुढें कित्येक महिने नराविना पिलें देऊं शकते. हें सर्व परवानगी देण्यापूर्वीं आम्हीं वाचावयास हवें होतें.

गेल्या मे महिन्यांत तो मुलगा गांवीं गेला, तो वही घेऊनच. उन्हाळ्यांत त्या ओढ्याची धार तुटून पांच डबकीं उरतात. पांचही डबक्यांच्या कांठीं बसून त्यानें दिसले ते मासे लिहिले. वरचीं तीन डबकीं एका लहानशा धबधब्याच्या माथ्यावर आहेत. त्यांत गप्पी नव्हते. खालच्या दोन्हींत होते. त्यानें आपल्या चुलत्यांस सर्व हकीकत सांगितली. चुलते प्रथम हंसले. मग त्यांनींच माळ्यावरील जुन्या मच्छरदाणीचें कापड काढून दिलें, व स्वतः पाण्यांत उतरले. गांवचे मासे ओळखून परत पाण्यांत सोडावयाचे व गप्पी तेवढे बादलींत टाकावयाचे, असें तीन दिवस चाललें. त्या पहिल्या डबक्यांतून पहिल्या दिवशीं ९० गप्पी निघाले, दुसऱ्या दिवशीं ४५, तिसऱ्या दिवशीं २०.

वरील नियमानें हिशेब करा. ९० चा वर्ग ८,१००. त्यास ४५ नीं भागिलें असतां १८०. निघाले एकंदर १५५. मुलानें वहींत लिहिलें आहे: “अजून सुमारें २५ शिल्लक असावे. दुसऱ्या डबक्याचें काम पाऊस आल्यामुळें झालें नाहीं.”

ती वही आम्हांस आणून दाखवितांना तो थोडा ओशाळला होता. काम अपुरें राहिलें असें त्यास वाटत होतें. “सर्व गप्पी काढले” असें त्यानें लिहिलें असतें तर मुंबईंत बसून आम्हांस तें खोटें ठरवितां आलें नसतें. परंतु चौथ्या गटाचा आंकडा गाळावा असें म्हणणारा तो मुलगा आतां तें लिहावयास तयार नव्हता. उरलेल्या २५ पैकीं एक मादी जरी राहिली तरी डबकें पुन्हां भरेल, हें त्यास ठाऊक आहे. येत्या मे महिन्यांत तो पुन्हां जाणार आहे. आम्हांसही त्याच्या चुलत्यांनीं बोलाविलें आहे, व आम्ही जाणार आहों.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलांनीं क्रॉफर्ड मार्केटांतून हौसेनें आणलेले मासे नकोसे झाले तर ते दुकानदारास परत द्या, अथवा दुसऱ्या हौशी मुलास द्या. परंतु नदींत, तळ्यांत किंवा गांवच्या ओढ्यांत सोडूं देऊं नका. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही सुटींत गांवीं जाल तेव्हां बरोबर एक वही न्या. वडील माणसांस सोबत घेऊन ओढ्याकांठीं बसा. तारीख, जागा, पाण्याची खोली, आणि दिसलेल्या माशांचीं तेथील लोक सांगतील तीं नांवें व संख्या लिहा. लहान पिलें दिसलीं कीं नाहीं, हें अवश्य लिहा. कारण ज्या पाण्यांत केवळ मोठे मासे दिसतात व पिलें दिसत नाहींत, तेथें पुढच्या पिढीची चिंता करावयास हवी. देवाच्या डोहांत, जसा महाड तालुक्यांतील वाळणकोंड आहे, तेथें मासे धरूं नका, कांठावरून पाहा. आणि कांहींच दिसलें नाहीं, तर शून्य लिहा. तें शून्यही पुढें कोणाच्या तरी बेरजेस लागेल.

शाळेच्या त्या टाकींत हल्लीं पाणी नाहीं. तींत आम्हीं तें मडकें ठेविलें आहे, २३६ चिंचोक्यांसह. ज्यास प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यानें मधल्या सुटींत यावें.